घुमटाशी, मध्यरेषेत

लघवीतून पातळ डिंकासारखं काहीतरी पडतंय, हे मी सात महिने कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. रोज पडायचं असं नव्हतं. चार-पाच दिवस काही नसायचं आणि मग एखाद्या सकाळी पांढुरका, चिकट, बोटभर लांबीचा तंतू दिसायचा. पाण्यात विरघळायचा नाही, तसाच लोंबत राहायचा. दुखत नव्हतं, जळजळ नव्हती, ताप नव्हता. वय ५१. असल्या गोष्टीची लाज वाटते आणि माणूस गप्प बसतो. हे मी सगळ्यात आधी लिहितोय, कारण ते सात महिने मला परत मिळणार नाहीत. वाचणाऱ्यांपैकी कुणी आत्ता तसंच गप्प बसलं असेल, तर त्यानं आज घरात सांगावं, उद्या डॉक्टरांना.

आठव्या महिन्यात रक्त आलं. एकाच वेळेला, गडद लाल, बारीक गुठळ्यांसकट. तेव्हा मात्र मी हिला हाक मारली.

सोनोग्राफीत लघवीच्या पिशवीत गाठ दिसली. दुर्बिणीतून तुकडा काढला, सीटी झाला. आठवड्यानं रिपोर्ट आला : ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींचा कॅन्सर, स्नायूपर्यंत पोचलेला. पहिल्या सर्जननी सांगितलं की स्नायूत शिरलेला कॅन्सर आहे, तेव्हा पूर्ण पिशवी काढायची, सोबत प्रोस्टेटही जाणार. आतड्याचा एक तुकडा घेऊन लघवीची वाट पोटावर काढायची आणि तिथे बाहेरून पिशवी लावायची. अकरा दिवसांनंतरची तारीख मिळाली. बोलणं दहा मिनिटांतच आटोपलं.

मूत्राशयाच्या नेहमीच्या कॅन्सरसाठी त्यांनी सांगितलेलं अगदी बरोबर होतं. पिशवीच्या आतल्या अस्तरातून उगवणारा युरोथेलियल कॅन्सर, म्हणजे दहांतल्या नऊ रुग्णांना होतो तो, स्नायूत शिरला की पिशवी काढणं हा मान्य उपचार आहे. माझी तक्रार एवढीच की ‘ॲडिनो’ या तीन अक्षरांवर त्या खोलीत कुणीच थांबलं नाही. ही जात वेगळी आहे, दुर्मीळ आहे, असं कुणी म्हटलं नाही.

मी जमीनमोजणीचं काम करतो. कुठलाही कागद हातात आला की आधी चतुःसीमा वाचायची सवय लागली आहे. क्षेत्र नंतर, मालक नंतर; आधी पूर्वेला काय, पश्चिमेला काय. त्या रात्री झोप येत नव्हती, म्हणून सीटीचा रिपोर्ट घेऊन बसलो आणि तसाच वाचला. गाठ ४.२ सेंमी. जागा : मूत्राशयाच्या घुमटाशी, मध्यरेषेत, समोरच्या अंगाला. मोठा भाग भिंतीच्या बाहेर, बेंबीच्या दिशेनं वर गेलेला. आत चुन्याचे कण. मग तुकड्याचा रिपोर्ट पुन्हा वाचला. तो सगळा पिशवीच्या आतल्या भागाबद्दल बोलत होता. एका कागदावर गाठ आत होती, दुसऱ्यावर बाहेर. आमच्याकडे नकाशा आणि उतारा असे जुळले नाहीत की हद्द कायम करत नाहीत, आधी जागेवर जाऊन बघतात.

मेहुणीची मुलगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सातला तिला फोन लावला. ती म्हणाली, “काका, नुसता कागद घेऊन दुसरीकडे जाऊ नका. स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्या. ते तुमचे असतात.” ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो मूळ तुकडा, त्यातून नव्या चकत्या कापून पुन्हा तपासता येतात. मला तोवर हे ठाऊकच नव्हतं. मागितल्यावर मिळाले, दोन दिवस गेले एवढंच. स्लाइड एका छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत होत्या, ब्लॉक कागदी पाकिटात. गाडीत बसल्यावर मी ते पाकीट मांडीवर धरून बसलो होतो. आत नखाएवढा मेणाचा तुकडा, आणि त्यावर माझा पुढचा सगळा जन्म अवलंबून.

दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या, कॅन्सरचीच कामं करणाऱ्या युरोलॉजिस्ट. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी सीटीची चित्रं लावली, शरीर बाजूनं कापल्यासारखं दाखवणारी. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग माझ्याकडे वळून विचारलं, “लघवीतून कधी शेंबडासारखं, चिकट काही पडलं होतं का?”

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं. मला ‘हो’ म्हणायला जमेना. घसा भरून आला. ही माझ्याकडे बघत राहिली. सात महिन्यांची गोष्ट तिला त्या खुर्चीत पहिल्यांदा कळली.

डॉक्टर बाईंनी कागद घेतला आणि चित्र काढलं. खाली फुग्यासारखी पिशवी, वर बेंबी, दोहोंमध्ये एक रेघ. “आपण बेंबीच्या देठापासून ओरडलो म्हणतो ना, तो देठ खरोखर असतो,” त्या म्हणाल्या. आईच्या पोटात असताना पिशवीच्या माथ्यापासून बेंबीपर्यंत एक बारीक नळी असते, पुढे ती नाळेत जाते. तिचं नाव युरेकस. जन्मापर्यंत ती बुजते आणि आतून पोटाच्या भिंतीला चिकटलेली एक दोरी उरते. पण साधारण तीनांतल्या एका मोठ्या माणसात त्या दोरीच्या आत कुठेतरी सूक्ष्म पोकळी आणि पेशींचं अस्तर शिल्लक राहतं. आयुष्यभर त्याचा काही त्रास नसतो. फार थोड्यांमध्ये तिथे गाठ होते. मूत्राशयाचे म्हणून जेवढे कॅन्सर नोंदले जातात, त्यांत हा एक टक्क्याहूनही कमी.

त्या अस्तरातून होणारी गाठ बहुतेक वेळा ग्रंथीसारख्या पेशींची असते, आतड्याच्या आतल्या पेशींशी मिळतीजुळती. गर्भात पिशवीचा बराचसा भाग आणि गुदाशय एकाच पोकळीतून तयार होतात, म्हणून ही नात्याची खूण. आणि ग्रंथी म्हटली की ती स्राव करणार. माझे ते डिंकाचे तंतू म्हणजे गाठीतला स्राव होता, ती पिशवीत फुटल्यावर बाहेर पडणारा. गाठ बाहेरच्या बाजूनं वाढत आत आली होती. दुर्बिणीला दिसलं ते तिचं टोक. चिकट स्राव थोड्याच रुग्णांमध्ये दिसतो, बहुतेक जण रक्त आल्यावरच येतात. मला आधी खूण मिळाली होती. ती मी दडवली.

लगेच ऑपरेशन करायचं का, असं हिनं विचारलं. बाई नाही म्हणाल्या. दोन गोष्टी आधी. एक, ब्लॉक त्यांच्या पॅथॉलॉजिस्टनं बघायचा. दोन, कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी. कारण मोठ्या आतड्याचा कॅन्सर पिशवीवर पसरला तर सूक्ष्मदर्शकाखाली तो जवळजवळ असाच दिसतो. सीके-२०, सीडीएक्स-२ अशी जी रंगद्रव्यांची परीक्षा करतात, तिच्यात दोन्ही बहुतेकदा सारखेच रंगतात. बीटा-कॅटेनिन नावाची आणखी एक परीक्षा आहे. ती पेशीच्या केंद्रकात रंगली तर संशय आतड्याकडे जास्त झुकतो. माझ्यात केंद्रक कोरं राहिलं. पण नुसत्या रंगावर निकाल द्यायचा नाही, आतडं डोळ्यांनी बघायचं, यावर त्या ठाम होत्या. बाईमाणूस रुग्ण असेल तर बीजांडकोशाचीही तपासणी करतात, तिथूनही असा कॅन्सर येऊ शकतो.

कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्री पोट साफ करायचं औषध पिताना मी मनातल्या मनात आतडं स्वच्छ निघू दे म्हणत होतो. कॅन्सर आहे हे ठरलेलं, आणि तरी तो एका ठिकाणचा निघावा, दुसऱ्या ठिकाणचा नको, म्हणून माणूस हात जोडतो. ज्यानं ते केलंय त्यालाच कळेल. आतडं स्वच्छ निघालं. छाती, यकृत, हाडं, कुठे काही नाही. रक्तातला सीईए, म्हणजे असल्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं एक प्रथिन, वाढलेला होता, ११. बाई म्हणाल्या, ही चांगली गोष्ट आहे, पुढे लक्ष ठेवायला खूण मिळाली.

मग ऑपरेशनची आखणी झाली, आणि तिथे सगळंच बदललं. पूर्ण पिशवी काढायची गरज नव्हती. पिशवीचा वरचा घुमट, गाठीभोवती दोन सेंमी निरोगी भिंत धरून; त्यावरची संपूर्ण युरेकसची दोरी; तिला लागून असलेला पोटाचा आतला पडदा आणि स्नायूमागचं आवरण; आणि शेवटी बेंबी. हे सगळं एकसंध काढायचं, मध्ये कुठेही न तोडता. सोबत ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी. प्रोस्टेट राहणार, तिथल्या नसा राहणार, लघवी आपल्या वाटेनं होणार. ही बाहेर आल्यावर भिंतीला टेकून उभी राहिली आणि रडली. तोवर ती माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती.

बेंबी कशाला, असं मी विचारलं होतं. गाठ तर खाली आहे. बाईंनी सांगितलं की पेशी त्या दोरीतून वर सरकलेल्या असू शकतात, आणि दोरी अर्धवट सोडली तर गाठ पुन्हा तिथेच उगवते. या आजाराचे रुग्ण इतके थोडे, की हजारो लोकांवर दोन उपचार ताडून बघणं कुणालाच शक्य झालेलं नाही. जे कळलंय ते मोठ्या केंद्रांनी वर्षानुवर्षांच्या फायली उघडून लिहिलेलं. १९३१ साली बेग नावाच्या डॉक्टरांनी या गाठींवर सविस्तर लिहिलं, १९८४ साली शेल्डन आणि सहकाऱ्यांनी आजार किती पसरलाय याच्या पायऱ्या ठरवल्या. २००३ साली अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरनं ४२ रुग्णांचा अनुभव मांडला आणि बेंबीसकट एकसंध काढण्याचा आग्रह धरला. २००६ साली मेयो क्लिनिकनं ६६ रुग्णांचा हिशेब दिला. त्यात रुग्णाचं पुढे काय होणार हे दोन गोष्टींवर ठरत होतं : पेशी किती बिघडलेल्या आहेत, आणि कापलेल्या कडा मोकळ्या आहेत की नाहीत. बेचाळीस, सहासष्ट. एवढ्याच माणसांच्या खांद्यावर माझा उपचार उभा होता. त्यांची नावं मला कधी कळणार नाहीत, पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री मला त्यांचीच आठवण येत होती.

कापलेल्या कडा म्हणजे आमच्या भाषेत हद्द. ती चुकली की पुढचं सगळं चुकतं, हे मला कुणी वेगळं समजावून सांगायला नको होतं.

आईला सांगायचं काम माझ्यावर आलं. ती ७८ वर्षांची, ऐकायला कमी येतं, त्यामुळे मोठ्यानं सांगावं लागतं, आणि ही गोष्ट मोठ्यानं सांगणं जड गेलं. पिशवीचा तुकडा काढणार म्हटल्यावर तिनं मान हलवली. बेंबीही काढणार म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुझी नाळ तेराव्या दिवशी पडली होती. बाकीच्या भावंडांची सहाव्या-सातव्या दिवशीच पडली. तुझी मेली पडायचं नावच घेईना.” एवढं बोलून ती उठून आत गेली. मीही तिथेच बसून राहिलो.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. आधी आतून दुर्बीण घालून गाठीची कड बघितली, मग बाहेरून कापलं, म्हणजे पिशवी उघडताना सुरी गाठीवर जायला नको. स्राव पोटात सांडू न देणं फार महत्त्वाचं, कारण त्यात पेशी असतात आणि त्या पोटाच्या पडद्यावर रुजू शकतात. जे काढलं ते एकाच तुकड्यात निघालं. हिला ते ट्रेमध्ये दाखवलं होतं. खाली मुठीएवढा भाग, वर निमुळता होत गेलेला पट्टा आणि टोकाला कातडीचा वाटोळा तुकडा. तिनं मला हे दोन महिन्यांनी सांगितलं.

लघवीची नळी चौदा दिवस होती. मग पिशवीत रंगीत औषध भरून फोटो काढला, गळती नाही बघून नळी काढली. त्यानंतरचं कुणी नीट सांगत नाही म्हणून मी सविस्तर सांगतो. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिली मावतं. माझी आता लहान झाली होती. पहिल्या दिवशी २३ वेळा जावं लागलं. मोजायची सवय, म्हणून खुणा असलेलं प्लॅस्टिकचं भांडं आणि वही संडासाबाहेरच्या स्टुलावर ठेवली. पहिली नोंद ७० मिली. मग ५५, ८०, ६०. रात्री दर पाऊण तासाला जाग. दोन चादरी भिजल्या. बाईंनी सांगितलं होतं की पिशवी हळूहळू ताणते, घाई करू नका, पण आल्याबरोबर धावूही नका. आधी पाच मिनिटं थांबा, मग दहा. दीड महिन्यानं पहिल्यांदा १६० आलं. मुलगी वही बघून म्हणाली, “बाबा, हा आलेख काढू का?” तिनं काढला. सहाव्या महिन्यात रेघ ३०० ला लागली. आता मी चार तासांचा प्रवास मध्ये एकदा उतरून करतो.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टची वाट बघण्याचे दहा दिवस मला फारसे आठवत नाहीत. रिपोर्ट आठवतो. गाठ युरेकसचीच. स्नायू ओलांडून बाहेरच्या चरबीत गेलेली. मेयोच्या पायऱ्यांप्रमाणे दुसरी. चौदा लसिकाग्रंथी तपासल्या, सगळ्या कोऱ्या. बेंबी कोरी. कडा मोकळ्या. मी ती शेवटची ओळ बाईंना दोनदा वाचायला लावली.

केमोचा प्रश्न उरला होता. ऑन्कॉलॉजिस्टनी सरळ सांगितलं की कडा आणि ग्रंथी मोकळ्या असताना वरून केमो दिल्यानं आयुष्य वाढतं, असा पुरावा नाही. पसरलेला असता तर त्यांनी मूत्राशयाच्या नेहमीच्या औषधांपेक्षा आतड्याच्या कॅन्सरला वापरतात तशी, ५-एफयू या केमोच्या औषधाभोवती बांधलेली औषधं निवडली असती, सोबत ऑक्झॅलिप्लाटिन किंवा सिस्प्लाटिन. पिशवीत बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, सोडण्याबद्दल एका नातेवाइकानं खूप आग्रह धरला होता. तेही विचारलं. बीसीजी आतल्या अस्तराच्या वरवरच्या कॅन्सरसाठी आहे, भिंतीबाहेरून आलेल्या गाठीला त्याचा उपयोग नाही. आम्ही केमो न घेता लक्ष ठेवायचं ठरवलं. हा निर्णय माझ्या रिपोर्टचा आहे. कुणाच्या कडेवर पेशी असतील, ग्रंथीत असतील, तर त्याचं बोलणं वेगळं होईल, आणि त्यानं ते तिथेच बसून पूर्ण करावं.

सहा आठवड्यांनी सीईए २ वर आला. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी सीटी, दुर्बीण, रक्त. हा आजार परत येतो तो बहुतेक करून या दोन वर्षांतच. सगळ्या टप्प्यांचे रुग्ण एकत्र धरले तर पाच वर्षांनी साधारण निम्मे हयात असतात; वेळेत पूर्ण काढलेल्यांचं त्याहून बरं असतं. हा आकडा मी स्वतःहून विचारला होता आणि बाईंनी न लपवता सांगितला. दर वेळी मशिनमध्ये आडवं होताना तो आठवतो. आता तीन वर्षं झाली. तपासणी सहा महिन्यांवर गेली आहे.

पोटावर बरगडीखालून ओटीपोटापर्यंत उभा व्रण आहे, मधे बेंबीच्या जागी किंचित खोलगट वळण. प्लॅस्टिक सर्जरीनं नवी बेंबी करून देतात, मला विचारलंही होतं. मी नको म्हटलं.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. त्याच्या मोठ्या भावाच्या रिपोर्टवर ‘मूत्राशय, ॲडिनोकार्सिनोमा’ लिहिलंय. “तुमची पिशवी वाचली ना, मग दादाचीही वाचेल?” मी सीटीचा रिपोर्ट मागवला आणि आधी जागा वाचली. घुमट नाही. मध्यरेषा नाही. डावी बाजूची भिंत, तळाकडे. म्हणजे ती माझी गाठ नव्हे. तिथे कदाचित पूर्ण पिशवीच काढावी लागेल, आणि मी त्याला तसं सांगितलं, कारण खोटी आशा लावून ठेवणं मला जमलं नसतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग मी विचारलं, कोलोनोस्कोपी झाली का? नाही झाली. ब्लॉक दुसऱ्या कुणी बघितला का? नाही. ऑपरेशनची तारीख पडली होती.

काल संध्याकाळी तो ब्लॉक घेऊन निघाल्याचा त्याचा फोन आला. कोलोनोस्कोपी सोमवारी आहे. पाकीट खिशात ठेवलंय म्हणाला. मी म्हटलं, मांडीवर धर, खिशात उन्हानं मेण मऊ होतं.